तिसऱ्या फेरीचं उत्तर

मित्रांनो, मी एक हृदय आहे. नऊ वर्षांचा झालो, पण कुणाच्या छातीत मी एक दिवसही राहिलेलो नाही. सोलापुरातल्या एका अभियांत्रिकी कॉलेजात, तिसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये, खिडकीपासून दुसरा जो संगणक आहे त्यात माझं घर आहे. माझ्यात रक्ताचा थेंब नाही. मी आकड्यांचा आणि समीकरणांचा बनलेलो आहे. तरी माणसाच्या हृदयासारखे मला चार कप्पे आहेत, चार झडपा आहेत आणि माझ्यापासून निघून मेंदूपर्यंत, पोटापर्यंत, पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणाऱ्या नळ्यांचं जाळं आहे. कळ दाबली की मी धडधडू लागतो आणि पडद्यावर रक्ताच्या दाबाची रेषा वरखाली धावू लागते. सगळं ठीक असलं की ती रेषा हिरवी असते. ताण पडू लागला की नारिंगी होते. मेंदूला रक्त कमी पडू लागलं की तांबडी होते.

माझ्याबद्दल एवढं कळलं तरी पुरे. पुढची गोष्ट माणसांची आहे. ती सांगताना मला अजून जड जातं, पण न सांगून चालणार नाही.

मला घडवलं ते भुवनेश्वरीनं. तेव्हा ती एम.टेक.ची विद्यार्थिनी होती. पाठीवर लांब वेणी, कानामागे पेन्सिल आणि डब्यात रोज कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. संगणकावर माणसाचं रक्ताभिसरण चालवून दाखवायचं तिनं मनावर घेतलं होतं. पहिल्या दिवशी मी सुरू झालो आणि माझं सगळं रक्त उलटं धावू लागलं. कुठेतरी अधिकाऐवजी उणे चिन्ह पडलं होतं. मैत्रिणी पोट धरून हसल्या. भुवनेश्वरीही हसली आणि पुन्हा खुर्ची ओढून बसली.

उणे चिन्ह सापडलं, पण दुसरी अडचण हटेना. माझं रक्त धक्क्याधक्क्यानं जायचं. एक ठोका पडला की दाब उंच जायचा आणि पुढचा ठोका येईपर्यंत पार शून्यावर यायचा. जिवंत माणसात असं होत नाही. दोन ठोक्यांच्या मधेही त्याचं रक्त वाहत राहतं. ते का वाहतं हे पुस्तकात लिहिलेलं होतं, सूत्रही दिलेलं होतं, पण तिच्या डोक्यात उतरत नव्हतं. एकदा जेवताना तिनं ही अडचण घरी सांगितली.

तिचे वडील मडिवाळप्पा अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात फिटर होते. सूत रंगवायच्या खात्यातले सगळे पंप आणि बॉयलर त्यांच्या हाताखालचे. त्यांनी ऐकून घेतलं, ताटावरून उठले आणि म्हणाले, "उद्या माज्यासंगं चल. तुजं उत्तर आमच्या पंपापाशी हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला एका जुन्या पंपासमोर उभं केलं.

"ह्यो पिस्टनचा पंप. पानी कसं टाकतोय? धक्क्यानं. मग तिकडं नळातनं एकसारखं कसं येतंय, सांग की."

"नाही माहीत, अप्पा."

"ही टाकी बग. वरच्या अंगाला हवा कोंडल्याली हाय. पंप दाबतोय तवा ती हवा दबती. पंप दम घेतोय तवा तीच हवा पानी म्होरं ढकलती. ही टाकी काडली की पाइप ठोकायला लागतोय बग, धाड धाड."

भुवनेश्वरी त्या टाकीवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. मग धावतच कॉलेजात आली. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी कडक नळी नाही, ती फुगते आणि आवळते, तीच त्या टाकीचं काम करते, हे तिला कळलं होतं. तिनं माझ्या नळ्यांना लवचिकपणा दिला. त्या दुपारी माझी रेषा पहिल्यांदा माणसासारखी चालली. म्हणून मला घडवणारे मी दोघे मानतो. एकीनं समीकरण लिहिलं, दुसऱ्यानं त्याचा अर्थ दाखवला.

त्यानंतरची वर्षं माझ्या कौतुकाची होती. भुवनेश्वरी त्याच कॉलेजात शिकवू लागली. नर्सिंगच्या मुली मला बघायला येत. शाळांच्या सहली येत. रक्त वाहून गेलं तर काय होतं, ताप आला तर ठोके का वाढतात, हे मी त्यांना करून दाखवायचो. पुण्यातल्या एका स्पर्धेत मला बक्षीस मिळालं. पेपरात भुवनेश्वरीचा माझ्याशेजारी फोटो आला. मडिवाळप्पांनी तो कापून शर्टाच्या खिशात ठेवला आणि घडीवर फाटेपर्यंत कारखान्यात सगळ्यांना दाखवला. विभागप्रमुख शहाजी सर कुठल्याही पाहुण्याला आधी माझ्यासमोर आणत. "आमचं हृदय," असं म्हणत.

पाहुण्यांपैकी कुणी ना कुणी हमखास म्हणायचं, "मॅडम, माझे आकडे घालून बघा की, मी किती जगणार!" भुवनेश्वरी हात जोडून नकार द्यायची. "हे शिकवण्यासाठी आहे. यावरून कुणाची तब्येत ठरवायची नाही." आठ वर्षं तिनं कुणाचं ऐकलं नाही. एकदा ऐकलं.

ती गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. मडिवाळप्पा तेव्हा एकोणसाठ वर्षांचे होते. कारखान्यात आरोग्य तपासणीचं शिबिर भरलं होतं. तपासणाऱ्यानं त्यांच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढली नाही. त्यानं हृदयाची सोनोग्राफी करायला पाठवलं. हृदयातून रक्त बाहेर सोडणारी झडप आखडली होती, पुरती उघडत नव्हती. अहवालात लिहिलं होतं, 'मध्यम'.

तो अहवाल घेऊन ते अंकिता डॉक्टरांकडे गेले. या मूळच्या मोडनिंबच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. शहरात हृदयरोगतज्ज्ञ म्हणून त्यांचं नाव आहे. त्यांनी विचारलं, "काका, चढताना दम लागतो का? चक्कर येते? छातीत दाटतं?"

"काय न्हाय."

"नक्की?"

"नक्की की. मी कारखान्यात दिवसभर उबा असतोय."

"बरं. पुढच्या गुरुवारी या. ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवून तपासू. तोपर्यंत जड काही उचलायचं नाही. अजिबात नाही."

मित्रांनो, हे सगळं मला पुष्कळ नंतर कळलं. त्या दिवशी कळलं असतं तरी मी काय करणार होतो म्हणा. मला तोंड नाही.

जड उचलायचं नाही, ही एकच गोष्ट मडिवाळप्पांना नको होती. जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा असते. बाशिंग आणि हार बांधलेले नंदीध्वज, म्हणजे उंच, जड काठ्या, शहरातून निघतात. कमरेच्या पट्ट्यावर काठीचा भार घ्यायचा, वरचा डोलारा कलू न देता पावलं टाकायची. सत्तावीस वर्षं मडिवाळप्पा ते करत होते. त्यांच्या आधी त्यांचे वडील करत. दिवाळी झाली होती आणि सराव सुरू झाला होता. गुरुवारी ते डॉक्टरांकडे गेलेच नाहीत. शनिवारी सकाळची पाळी संपवून ते माझ्याकडे आले.

फाटकातून त्यांनी मुलीला फोन केला, "आलोय बग." लिफ्ट बंद होती. तीन मजले चढून लॅबच्या दारात यायला त्यांना अकरा मिनिटं लागली. आत येताना त्यांनी रुमालानं तोंड पुसलं आणि हसले. अकरा मिनिटं कशाला लागली, हे भुवनेश्वरीच्या ध्यानात आलं नाही. ती पेपर तपासत होती.

"भुवना, हे तुज्या यंत्राला इचार. यंदा काठी उचलू का नको?"

तिनं अहवाल वाचला. तिचा चेहरा उतरला. "अप्पा, हे कधी केलं? मला सांगितलं नाही? डॉक्टर काय म्हणाले?"

"मध्यम हाय म्हनली. काय काळजी न्हाय." पुढचं ते बोलले नाहीत.

"हे शिकवायचं मॉडेल आहे, अप्पा. यावर असं नाही ठरवत."

"का? माजा पंप चालतोय त्याच्यात आन् मलाच न्हाय सांगायचं?"

ती हसली. तिथंच घात झाला. तिनं खुर्ची ओढली आणि अहवालातले आकडे माझ्यात घालायला सुरुवात केली. झडपेचं तोंड किती उघडतं, दाब किती, वजन किती. पण एक आकडा अहवालात नव्हता. भार उचलल्यावर हृदय आपला जोर किती वाढवू शकतं, हा तो आकडा. तो पट्ट्यावर चालवल्यावरच कळणार होता. भुवनेश्वरीनं पुस्तक काढलं. झडप आखडलेल्या, साठीला आलेल्या माणसासाठी तिथं जो आकडा होता तो घातला आणि कळ दाबली.

मी धडधडू लागलो. तिनं मला भार उचलायला लावला. माझ्या हातापायांच्या नळ्या सैलावल्या, त्यांनी रक्त मागितलं. मी जोर लावला. पण अरुंद झडपेतून जायचं तेवढंच रक्त गेलं. चाळिसाव्या सेकंदाला मेंदूकडचा दाब घसरला आणि रेषा तांबडी झाली.

"तांबडं म्हंजे?" मडिवाळप्पांनी मागून विचारलं.

"थांबा. मी जरा जास्तच धरलंय बहुतेक." ती वळली. "अप्पा, तुम्हाला दम लागतो का?"

"न्हाय गं."

"चक्कर?"

"न्हाय म्हनलं की."

"मग हृदय चांगलं असणार तुमचं. हा आकडा फार आजारी माणसाचा आहे."

तिनं आकडा वाढवला. दुसऱ्या फेरीत रेषा नारिंगी झाली. मग तिनं माझ्यात पहिल्यापासून असलेला, तीस वर्षांच्या निरोगी माणसाचा आकडा घातला. तिसऱ्या फेरीत रेषा शेवटपर्यंत हिरवी राहिली.

ते उत्तर माझ्याच पडद्यावरून गेलं. आकडा खोटा होता आणि हिशेब बरोबर होता. मला दिलेल्या आकड्यांशी मी प्रामाणिक राहतो. त्यापलीकडे मला काही करता येत नाही.

"बरं दिसतंय," भुवनेश्वरी म्हणाली. लगेच तिनं जोडलं, "पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नका."

मडिवाळप्पांनी पहिले दोन शब्द तेवढे नेले.

आठ दिवसांनी रविवारी सराव होता. बाळीवेशीजवळ, भर रस्त्यात, मडिवाळप्पांनी काठी घेतली. पन्नासएक पावलं टाकली. मग त्यांची मान एका बाजूला गेली आणि ते गुडघ्यावर कोसळले. काठी कलली. चौघांनी धावून ती धरली म्हणून आणखी कुणाला लागलं नाही. मडिवाळप्पांचं कपाळ रस्त्यावर आपटलं होतं. त्यांना हाका मारल्या तर ओ देईनात. रिक्षात घालून त्यांना दवाखान्यात नेलं.

सोमवारी भुवनेश्वरी लॅबमध्ये आली. तिनं दिवे लावले नाहीत. तिनं मला सुरूही केलं नाही, फक्त माझी नोंदवही उघडली. माझी प्रत्येक फेरी तारीख आणि वेळेसकट त्यात साठते. त्या शनिवारच्या तीन फेऱ्या तिथं होत्या. तांबडी, नारिंगी, हिरवी. पहिलीपासून तिसरीपर्यंत फक्त सात मिनिटं गेली होती. तिनं तोंडावर हात दाबून धरला.

तेवढ्यात शहाजी सर आले. त्यांना बातमी कळली होती. त्यांनी आधी वडिलांची चौकशी केली, अगदी मनापासून. मग पडद्यावरच्या तीन फेऱ्यांकडे आणि बदललेल्या आकड्यांकडे त्यांचं लक्ष गेलं आणि सगळं त्यांना उमगलं.

"मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले, "पुढच्या आठवड्यात कॉलेजच्या तपासणीची समिती येतेय. आपण त्यांना हेच मॉडेल दाखवणार आहोत. ही घरगुती गोष्ट आहे. त्या फेऱ्या काढून टाका. कुणाला काय कळणार आहे?"

"सर, पहिली फेरी बरोबर होती."

"म्हणून तर म्हणतोय. मॉडेल चांगलं आहे. उगाच त्याचं नाव खराब होईल."

"मॉडेलचं नाही होणार," ती म्हणाली. "माझं होईल."

सर निघून गेले. भुवनेश्वरीचं बोट खोडायच्या कळीवर होतं. मी ते बघत होतो. खोटं कशाला बोलू, मलाही त्या क्षणी वाटलं की तिनं ती दाबावी. तिची ती अवस्था मला बघवत नव्हती. मग तिनं बोट उचललं, तिन्ही फेऱ्या कागदावर छापून घेतल्या, मला लॅपटॉपवर उतरवून घेतलं आणि दवाखान्यात गेली. पुण्याची ती स्पर्धा सोडली तर मी पहिल्यांदाच लॅबच्या बाहेर पडलो.

अंकिता डॉक्टरांच्या खोलीत भुवनेश्वरीची आई नीलम्माही बसली होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. भुवनेश्वरीनं कागद टेबलावर ठेवले आणि काय केलं ते सगळं सांगितलं. डॉक्टरांनी तिन्ही कागद नीट बघितले.

"पहिल्याच वेळी फोन का नाही केलात मला?"

"ते म्हणाले, दम लागत नाही. मला खरं वाटलं. मला..." भुवनेश्वरी थांबली. "मला ते खरंच असायला हवं होतं."

तेवढ्यात नीलम्मा बोलली.

"दम लागतोय की त्यांना. श्रावणापासनं लागतोय. घरच्या जिन्यात चौथ्या पायरीवर बसत्यात. दोन उशा घेऊन झोपत्यात. एकदा मोरीत चक्कर आली हुती. मला म्हनले, भुवनाला सांगितलीस तर माज्याशी बोलू नगंस. म्या शपत घेतली हुती."

"अव्वा!" भुवनेश्वरी आईकडे वळून म्हणाली.

"मला काय ठावं, एवडं असतंय म्हून," म्हणत नीलम्मा रडू लागली.

डॉक्टरांनी तिला पाणी दिलं. मग त्यांनी मडिवाळप्पांची नव्यानं केलेली सोनोग्राफी पडद्यावर लावली. मित्रांनो, खरं हृदय मी पहिल्यांदा त्या दिवशी बघितलं. ते राखाडी, धूसर दिसत होतं आणि फार कष्टानं हलत होतं. आठ वर्षं 'आमचं हृदय' म्हणून मिरवलेल्या मला स्वतःची लाज वाटली.

"आधीच्या अहवालात मध्यम का आलं, सांगते," अंकिता डॉक्टर म्हणाल्या. "नळ अर्धा बंद आहे, पण मागून पाण्यालाच जोर नाही. मग तोंडाशी दाब कमीच दिसणार ना? हृदय दमलंय, म्हणून झडप बरी वाटली. काकांनी दम लागतो असं एकदा म्हटलं असतं तर त्याच दिवशी मी पुढची तपासणी केली असती. आता वेळ घालवून चालणार नाही. झडप बदलावी लागेल. हृदय इतकं थकलेलं असताना शस्त्रक्रियेत धोका आहे, पक्षाघाताचाही आहे. न करण्यात त्याहून मोठा धोका आहे."

डॉक्टरांनी मला नवे आकडे दिले. कळ दाबल्यावर माझी रेषा या वेळी पस्तिसाव्या सेकंदालाच तांबडी झाली. पहिल्या फेरीपेक्षाही लवकर.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी दुपारी भुवनेश्वरी वडिलांच्या खाटेपाशी बसली होती. त्यांच्या कपाळावर टाके होते. मी तिच्या पिशवीत, लॅपटॉपमध्ये होतो.

"अप्पा, मला तुम्हाला सांगायचंय. पहिल्या फेरीत तांबडं आलं होतं, ते बरोबर होतं. मी आकडा बदलला. दोनदा बदलला."

मडिवाळप्पा छताकडे बघत होते.

"मी मागंच उबा हुतो की," ते म्हणाले. "मला बी दिसलं तांबडं. तू इचारलीस, दम लागतोय का. जिन्यातच तीनदा बसून आलो हुतो मी. तरी न्हाय म्हनलो."

"का म्हणालात असं?"

"काठी पायजे हुती मला. तुला बाप धडधाकट पायजे हुता. दोगांना बी हिरवंच बगायचं हुतं, भुवना. तुज्या यंत्राला कशाला बोल लावायचा? साकु आता, पुरे. रडू नगंस."

त्यांनी तिच्या डोक्यावर उजवा हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. नवी झडप बसली, हृदय पुन्हा नीट रक्त फेकू लागलं. पण तिसऱ्या दिवशी सकाळी मडिवाळप्पांचा उजवा हात उचलेना आणि बोलताना जीभ अडखळू लागली. ज्या धोक्याबद्दल डॉक्टरांनी सांगितलं होतं तोच समोर आला होता. रक्ताची बारीकशी गुठळी मेंदूत जाऊन अडकली होती.

ते वाचले. घरी आले. जानेवारीत यात्रा झाली. नंदीध्वज रस्त्यानं जाताना नीलम्मानं त्यांना विचारलं, खुर्ची टाकू का दारात? त्यांनी नकारार्थी मान हलवली. खिडकी लावून घ्यायला सांगितलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. कारखान्यातून दोघे जण भेटायला आले तेव्हाही ते फारसं बोलले नाहीत. उजव्या हातात पाना धरता येत नाही, मग फिटरनं फिटरशी काय बोलायचं?

या सगळ्यात चार महिने मला कुणी सुरू केलं नाही. समितीसमोर भुवनेश्वरीनं मला दाखवलं नाही, शहाजी सरांनीही आग्रह धरला नाही. माझ्या पडद्यावर धूळ बसली. कीबोर्डवर कुणीतरी जुन्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा ठेवला. विसरलं जाणं मला फारसं जड गेलं नाही. जड गेलं ते भुवनेश्वरीचं माझ्यासमोरून मान खाली घालून जाणं.

एप्रिलमध्ये एके दुपारी ती आली, गठ्ठा उचलला, धूळ पुसली आणि मला सुरू केलं. तिनं वडिलांचे सगळे खरे आकडे घातले. मग ती मला विचारू लागली की शस्त्रक्रिया श्रावणात झाली असती तर काय झालं असतं, ऑक्टोबरात झाली असती तर, निदान त्या शनिवारनंतर लगेच झाली असती तर? झडपेतून रक्त किती गेलं असतं, दाब किती राहिला असता, ते मी दर वेळी सांगितलं. पण ती गुठळी झाली असती की नसती, हे मला सांगता आलं नाही. त्याचं समीकरण माझ्यात नाही. तिनं तोच प्रश्न सात-आठ वेळा निरनिराळ्या तऱ्हेनं विचारून बघितला. शेवटी तिनं माझ्या पडद्यावर कपाळ टेकलं आणि तशीच बसून राहिली. त्या प्रश्नाचं उत्तर तिला कधीच मिळणार नाही. ते घेऊनच तिला जगायचं आहे, आणि मलाही.

जूनमध्ये नवा वर्ग आला. साठ मुलं-मुली. भुवनेश्वरीनं प्रोजेक्टर लावला आणि त्या शनिवारच्या तिन्ही फेऱ्या मोठ्या पडद्यावर आणल्या. मागच्या बाकावर शहाजी सर येऊन बसले होते. तिनं विचारलं, "यातली कुठली फेरी बरोबर?" बहुतेकांनी हिरवीकडे बोट दाखवलं. मग तिनं सगळी हकीकत सांगितली. कुणाचे आकडे होते, कुणी बदलले, का बदलले. स्वतःचं नाव घेऊन सांगितलं. मधे दोनदा ती पाणी प्याली आणि पुढं बोलली.

एका मुलीनं उभं राहून विचारलं, "मॅडम, मग मॉडेलवर विश्वास ठेवायचाच नाही का?"

"मॉडेल पहिल्यांदा खरं बोललं होतं," भुवनेश्वरी म्हणाली. "विश्वास तेव्हाच ठेवायला हवा होता. आणि ते बोलायच्या आधी मी माझ्या वडिलांकडे एकदा वळून नीट बघायला हवं होतं."

मित्रांनो, तुमच्या आयुष्यात माझ्यासारखी पुष्कळ यंत्रं येतील. माझ्याहून हुशार असतील. कुणी पावसाचं सांगेल, कुणी पिकाचं, कुणी आजाराचं. त्यांच्यापाशी जाल तेव्हा हवं ते उत्तर आधीच मनात धरून जाऊ नका. उत्तर नावडलं म्हणून आकडा बदलू नका. आणि घरातलं कुणी 'मला काही होत नाही' म्हणत असेल तर तेवढ्यावर उठून जाऊ नका. थोडं बसा, पुन्हा विचारा.

मडिवाळप्पा आता महिन्यातून एकदा तपासणीला जातात. भुवनेश्वरी बरोबर असते, म्हणून मला ठाऊक आहे. अंकिता डॉक्टरांनी विचारायच्या आधीच ते सांगायला लागतात. काल जेवताना धाप लागली, परवा पाय सुजले होते, आज बरं वाटतंय. जीभ अजून अडखळते. एकेक शब्द शोधून, जुळवून बोलावा लागतो. एक वाक्य पुरं व्हायला कधी मिनिटभर जातं. बाहेर रांग असते. डॉक्टर हातातलं पेन खाली ठेवतात आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत ऐकत राहतात. तेवढा वेळ तुम्हीही कुणाला तरी द्या, एवढंच या छाती नसलेल्या हृदयाचं मागणं आहे.